अर्ध्या व्हॉल्व्हचं भांडण

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी बनवणाऱ्या माणसाला पाहुणे ठरलेले तीन प्रश्न विचारतात. "किती वॉटचा?", "या बाटल्या तापून फुटत नाहीत का?" आणि "ब्लूटूथ आहे ना?" तिन्हींची उत्तरं तो सौजन्याने देतो. पण एखाद्याने चुकून "मधे फेज स्प्लिटर कोणता घातलाय?" असं विचारलं, की त्याची शेवटची बस चुकली म्हणून समजा. आधी चष्मा बदलला जातो. मग कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद होतो. मग विजेच्या बिलाच्या पाठीवर चित्र निघू लागतं आणि आतून वहिनींचा आवाज येतो, "भावजी, आता जेवूनच जा. यांचं अजून कॅथोडपर्यंतच आलंय."

अशा लोकांत माझी बरीच ऊठबस आहे. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले आहेत, एक दाताचे डॉक्टर आहेत, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक सर आहेत. एरवी ही मंडळी अत्यंत समजूतदार. निवडणूक, पाणीकपात, सोसायटीचं पार्किंग, कशावरही त्यांचं चटकन एकमत होतं. अ‍ॅम्प्लिफायरमधल्या महागड्या वस्तूंवरूनही वाद नसतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर उत्तम हवा, सगळ्यांना मान्य. पुढे नारिंगी उजेड पाडत दिमाखात उभे राहणारे ईएल३४ किंवा केटी६६ जुळवलेल्या जोडीने घ्यावेत, हेही तत्त्वतः मान्य. वादाला तोंड फुटतं ते मधल्या, अंगठ्याएवढ्या, दिसायला अगदीच किरकोळ अशा व्हॉल्व्हवरून. त्यातही पुष्कळदा त्याचा अर्धाच भाग वादात असतो, कारण ईसीसी८३ सारख्या एका बाटलीत दोन ट्रायोड असतात आणि फेज स्प्लिटरला कधी कधी एकच पुरतो.

त्या अर्ध्या बाटलीला काम काय, ते सांगतो. दोन माणसं मोठा ओंडका करवतीने चिरतात तेव्हा एकाने ओढायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने सोडायचं असतं. पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायरमधले दोन आउटपुट व्हॉल्व्ह असेच समोरासमोर उभे असतात, मधे ट्रान्सफॉर्मर. एकाचा करंट वाढतो तेव्हा दुसऱ्याचा तेवढाच कमी होतो. फायदे खरोखरच आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर कायमचा एकतर्फी भार पडत नाही, सप्लायची घूं घूं दोन्हीकडे सारखीच आल्यामुळे परस्पर मरते, आणि व्हॉल्व्ह पदरचे जे सम हार्मोनिक घालतात तेही एकमेकांना खाऊन टाकतात. अडचण एवढीच, की रेकॉर्डवरून येणारं गाणं एकच असतं. तेच दोघांना दिलं तर दोघेही एकदम ओढणार आणि करवत जागची हलणार नाही. म्हणून दुसऱ्याला त्याच गाण्याची उलटी प्रत द्यावी लागते. मूळ जेवढं वर, तेवढीच ही खाली. कणभर कमी-जास्त चालत नाही, क्षणभर उशीरही चालत नाही.

एका व्होल्टाचे दोन सारखे आणि उलट व्होल्ट करायचे, संपलं काम. एवढ्यावर इंग्लंड-अमेरिकेतल्या भलत्या हुशार माणसांनी उमेदीची वर्षं घालवली आणि प्रत्येकाने वेगळं उत्तर काढलं.

सगळ्यात जुना उपाय ट्रान्सफॉर्मरचा. सेकंडरीला बरोबर मध्यावर टॅप काढला, तो अर्थ केला, की दोन टोकांना दोन उलट प्रती आयत्या मिळतात. डोकं चालवायला काही उरतच नाही, म्हणून हौशी मंडळींना हा उपाय फारसा रुचत नाही. शिवाय तो गुंडाळून कोण देणार? माझ्या एका स्नेह्यांनी त्याची सविस्तर आकृती काढली, प्रायमरीचे थर, सेकंडरीचे थर, मधले कागद, आणि ती घेऊन मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानात गेले. कारागिराने आकृती उभी धरून पाहिली, आडवी धरून पाहिली.

"इन्व्हर्टरचा आहे का?"

"नाही, गाण्याचा आहे."

"सेंटर टॅप आहे म्हणजे इन्व्हर्टरचाच."

"अहो, पण हा वीस हर्ट्झपासून वीस हजार हर्ट्झपर्यंत चालला पाहिजे."

"आपल्याकडे पन्नासच येते, साहेब," कारागीर समजुतीच्या सुरात म्हणाला.

पॅराफेज नावाच्या प्रकाराची थोडक्यात बोळवण करतो. पहिल्या व्हॉल्व्हने गाणं मोठं करायचं, त्यातला चिमूटभर दुसऱ्याला द्यायचा. व्हॉल्व्हची प्लेट ग्रिडच्या उलट हलते, त्यामुळे दुसऱ्याकडून उलटी प्रत मिळते. दुसरा पन्नास पट करत असेल, तर चिमूट बरोबर पन्नासावा भाग हवी. व्हॉल्व्ह नवे असतात तोवर हिशेब जुळतो. मग दोघांपैकी एक लवकर म्हातारा होतो, पन्नासाचे चव्वेचाळीस होतात आणि करवतीचं एक टोक ढिलं पडतं. लिओ फेंडर यांच्या सुरुवातीच्या अनेक गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हाच प्रकार होता. गिटारवाल्यांची तक्रार नव्हती. त्यांना आवाज थोडा बिघडलेलाच हवा असतो.

खरी रंगत कॅथोडाइनपाशी. एकच ट्रायोड घ्या. वर प्लेटला एक रेझिस्टर, खाली कॅथोडला तेवढ्याच किमतीचा दुसरा. ग्रिड करंट घेत नाही, म्हणजे वरच्या रेझिस्टरमधून जो करंट आला तोच खालच्यातून जाणार, त्याला दुसरी वाटच नाही. करंट तोच, रेझिस्टर तेवढाच, म्हणून व्होल्टही तेवढेच. प्लेटवर उलटे, कॅथोडवर सुलटे. व्हॉल्व्ह म्हातारा झाला तरी समतोल ढळत नाही. डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ च्या एप्रिल-मेमध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात ज्या अ‍ॅम्प्लिफायरने जगभरच्या हौशी लोकांची झोप उडवली, त्यात हाच कॅथोडाइन होता. वर २२ किलोओहम, खाली २२ किलोओहम. फक्त दोन्ही जुळवून घ्या म्हणून सूचना.

ही सूचना घेऊन आम्ही पुण्यात तपकीर गल्लीत गेलो.

"बावीस केचे दोन द्या. पण अगदी सारखे."

"सारखेच असतात, काका."

"सोनेरी पट्टी आहे त्यावर. म्हणजे पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो त्यांना."

दुकानदाराने मोबाइलवरची नजर न हलवता सांगितलं, "मग शंभराचं पाकीट न्या आणि घरी बसून जुळवा."

त्याला वाटलं, आपण टोमणा मारला. स्नेह्यांनी पाकीट घेतलं. रविवारी दुपारी जमिनीवर पेपर पसरला गेला आणि त्यावर शंभर रेझिस्टरांची रांग लागली. लाल, लाल, नारिंगी, सोनेरी. लाल, लाल, नारिंगी, सोनेरी. प्रत्येकाला मल्टिमीटर लागत होता आणि पेपरच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीने आकडे उमटत होते. बोटांची ऊब लागून आकडा सरकू नये म्हणून रेझिस्टरचं अंग न धरता फक्त टोकाच्या तारा चिमट्यांत पकडायच्या. हे करताना श्वाससुद्धा बेताने घ्यायचा असतो, असं त्यांचं मत. संध्याकाळी एक जोडी निघाली, शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत. वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. "आपली पत्रिका बघताना कुणी एवढं बसलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

त्या जोडीच्या पुढे आउटपुटला कोणते व्हॉल्व्ह लागले? जुन्या बाजारातून आणलेले. दोघांवर दोन वेगळ्या कंपन्यांची नावं, दोघांच्या करंटमध्ये दहा-बारा टक्क्यांचं अंतर. त्याचं स्नेह्यांना काही वाटत नाही. केटी६६ची खरी जुळलेली जोडी काय भावाने मिळते ते पाहिलं, की मलाही काही वाटेनासं होतं.

कॅथोडाइनवर आक्षेप दोन. पहिला खरा आहे: तो काहीही वाढवत नाही. एक व्होल्ट दिला तर दोन्हीकडे जेमतेम एकेक व्होल्ट, तोही किंचित कमीच. शिवाय सप्लायचे व्होल्ट दोन रेझिस्टर आणि व्हॉल्व्ह यांच्यात वाटले जातात, त्यामुळे फार मोठी झेप त्याच्याकडून होत नाही. दुसरा आक्षेप असा, की कॅथोडचा आउटपुट दणकट आणि प्लेटचा लेचापेचा, मग दोन्ही बाजू सारख्या कशा? यावर दशकानुदशकं शाई सांडली आहे. जो नुसत्या प्लेटला भार जोडून मोजतो त्याला मोठा इम्पिडन्स दिसतो. जो नुसत्या कॅथोडला जोडतो त्याला लहान दिसतो. दोघेही मोजमापाची वही घेऊन भांडायला येतात, आणि दोघांच्या वहीतले आकडे बरोबर असतात. पण प्रत्यक्षात दोन्हीकडे सारखे भार एकाच वेळी जोडलेले असतात, आणि करंट दोन्हीकडे एकच असल्यामुळे तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच वागतात. हे समजावून सांगितलं, की समोरचा दोन मिनिटं शांत राहतो. मग म्हणतो, "आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडने करंट ओढायला सुरुवात केली तर?" तर समतोल बिघडतो. तो सुटकेचा निःश्वास टाकतो आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

दुसरा पंथ लाँग-टेल्ड पेअरचा. याचं पेटंट इंग्लंडच्या अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३६ साली घेतलं. माणूस अचाट. १९३१ मध्येच स्टीरिओचं पेटंट याच्या नावावर, एकूण पेटंटं १२८, आणि १९४२ च्या जूनमध्ये रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून गेला तेव्हा वय अवघं अडतीस. ही जोडी त्याला गाण्यासाठी नको होती. लांब तारांतून सिग्नल नेताना दोन्ही तारांत सारखाच शिरणारा गोंगाट गाळायचा होता. दोन ट्रायोडांचे कॅथोड एकत्र बांधायचे आणि दोघांत मिळून एकच लांबलचक, म्हणजे मोठ्या किमतीचा, रेझिस्टर खाली सोडायचा. पहिल्याच्या ग्रिडवर गाणं, दुसऱ्याचा ग्रिड सिग्नलपुरता अर्थ केलेला. पहिल्याचा करंट वाढला की सामाईक कॅथोड वर उचलला जातो, आणि त्यामुळे दुसऱ्याचा करंट निमूटपणे कमी होतो. ही जोडी स्वतः आवाज वाढवते, ही तिची मोठी जमेची बाजू.

उणीव अशी, की दुसरा व्हॉल्व्ह पहिल्यापेक्षा नेहमी थोडं कमीच काम करतो. कॅथोड हलायचा तर खालच्या रेझिस्टरमधून थोडासा करंट बदलावाच लागतो, आणि तेवढी गळती दुसऱ्याच्या वाट्यातून जाते. यावर फेंडरच्या बासमन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पहिल्याच्या प्लेटला ८२ किलोओहम आणि दुसऱ्याच्या प्लेटला १०० किलोओहम लावले. कमी काम करणाऱ्याला जास्त रेझिस्टर. लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बासमन समोर ठेवून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बनवला, तेव्हा ८२ आणि १०० ही जोडगोळीही जशीच्या तशी उचलली. पुढे रॉकवाल्यांनी जगभर जो गदारोळ केला, त्यातला बराचसा या अठरा किलोओहमच्या फरकावरून गेलेला आहे.

अधिक काटेकोर माणसं खालचा रेझिस्टरच काढून टाकतात आणि त्या जागी ठरावीक करंट देणारं सर्किट बसवतात. मग गळतीचा प्रश्नच मिटतो. पण ते सर्किट सगळ्यात छान बनतं ते ट्रान्झिस्टरचं, आणि इथे सोवळं मोडतं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर! आमच्यातल्या डॉक्टरांनी तो बसवला आहे. चासीच्या खाली, टॅग स्ट्रिपच्या आड, उष्णता जाण्यासाठी म्हणून एक पत्रा लावून त्यामागे. कुणी उलटं करून पाहायला मागितलं, की त्यांना पेशंट आठवतो.

मुलार्ड कंपनीने १९५० च्या दशकात हौशी लोकांसाठी सर्किटं छापली, त्यांत ही जोडी होती: पुढे ईएफ८६, मधे ईसीसी८३, शेवटी ईएल८४ची जोडी आणि एक रेक्टिफायर. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॉट, म्हणून नाव ५-१०. अमेरिकेत डायनाकोच्या डेव्हिड हाफलर यांनी १९५९ मध्ये एसटी-७० काढला तो मात्र कॅथोडाइन घालून, ७१९९ नावाच्या एकाच बाटलीत अर्धं काम वाढवण्याचं आणि अर्धं विभागण्याचं. हा लाखांनी खपला. पुढे ७१९९ बनायचा बंद झाला आणि ट्रान्सफॉर्मर, चासी, आउटपुट व्हॉल्व्ह सगळं ठणठणीत असलेले हजारो एसटी-७० मधल्या एका व्हॉल्व्हपायी अडून बसले. तेव्हापासून तिकडे ज्याला सोल्डरिंग आयर्न धरता येतं, त्याने एसटी-७०साठी स्वतःचा नवा ड्रायव्हर बोर्ड काढलेला आहे. कुणी लाँग-टेल्ड, कुणी कॅथोडाइन, कुणी दोन्ही. बाकी सगळं तेच ठेवून फक्त भांडणाचा मुद्दा बदलता येतो, अशी सोय त्या छंदात याआधी नव्हती.

हे सगळं झाल्यावरही काम संपत नाही. उलटी प्रत तयार झाली, पण ती आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर ढकलायची कुणी? पुस्तकं सांगतात, ग्रिडला फक्त व्होल्ट लागतात, करंट लागत नाही. पुस्तकं पहिल्या प्रकरणात नेहमीच असं सांगतात. नंतर कळतं, की ग्रिडला कपॅसिटन्स असतो, व्हॉल्व्ह जितका वाढवतो तितका तोही वाढलेला भासतो, आणि वरच्या सुरांत तो भरायला-रिकामा करायला खरा करंट लागतो. ईएल८४ला दहाएक व्होल्टांत समाधान आहे. ईएल३४ला तीसएक हवेत. आणि वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी, ज्याचं नाव घेताना मंडळी खुर्चीत सावरून बसतात, त्याला सत्तरच्या आसपास वर आणि तेवढेच खाली. ईसीसी८३ कागदावर शंभर पट वाढवतो, पण त्याचा आतला रेझिस्टन्स साठ किलोओहमच्या वर, त्यामुळे भार पडला की त्याला दम लागतो. ६एसएन७ फक्त वीस पट वाढवतो, आतला रेझिस्टन्स मात्र आठ किलोओहमच्या आत. म्हणून ड्रायव्हरच्या जागी ६एसएन७च बसवतात. विल्यमसननी हे ओळखूनच कामाची वाटणी केली होती: एक वाढवणार, एक विभागणार, पुढचे दोघे ढकलणार, आणि मग केटी६६. १५ वॉटला ०.१ टक्का डिस्टॉर्शन, तेही १९४७ मध्ये. अट एकच, ट्रान्सफॉर्मर त्यांनी सांगितला तसाच हवा. स्वस्तातला लावला, की फीडबॅक उलटतो आणि गाण्याऐवजी स्पीकरमधून मोटारबोटीची फटफट सुरू होते.

ड्रायव्हर कमी पडला तर काय होतं, हे मी ऐकलं आहे. तबल्याची जोरकस थाप आली. आउटपुट ग्रिड पॉझिटिव्हमध्ये गेला, त्याने करंट ओढला, मधला कपलिंग कंडेन्सर भलत्याच व्होल्टांना भरला, आणि तो रिकामा होईपर्यंत व्हॉल्व्ह बंद. थाप ऐकू आली, पुढचे दोन बोल गायब. स्नेही म्हणाले, "तबलजीने जागा सोडली." दुसऱ्या रेकॉर्डवरच्या तबलजीनेही तिथेच जागा सोडली, तेव्हा त्यांनी चासी उलटी केली.

एक तिसरा पंथ आहे, त्याचाही उल्लेख करायला हवा. हे लोक सिंगल-एंडेडवाले. आउटपुटला एकच व्हॉल्व्ह, म्हणजे करवत एकट्यानेच चालवायची. उलट्या प्रतीची गरज नाही, स्प्लिटर नाही, भांडण नाही. एका ३००बीमधून आठएक वॉट निघतात आणि एकतर्फी करंट सोसायला ट्रान्सफॉर्मर मात्र विटेसारखा जड लागतो. बोलायला काही नसल्यामुळे ते शांतपणे गाणं ऐकतात. बाकीच्यांना ते आवडत नाहीत.

आता मला कुणी मत विचारलेलं नाही, तरी देतो. दहा वॉटचा, ईएल८४चा अ‍ॅम्प्लिफायर करणार असाल तर मुलार्डची लाँग-टेल्ड जोडी घाला आणि गप्प बसा. ईएल३४ किंवा केटी६६ला हात घालणार असाल तर कॅथोडाइन, आणि त्याच्या पुढे ६एसएन७चे दोन्ही ट्रायोड ड्रायव्हर म्हणून. स्प्लिटरला ढकलण्याचं काम सांगू नका, ड्रायव्हरला विभागण्याचं सांगू नका. रेझिस्टर एक टक्क्याचे मिळतात, ते घ्या. शंभराचं पाकीट नको. आणि स्विच बंद केला म्हणून लगेच आत बोट घालू नका. सप्लायच्या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट तसेच बसलेले असतात. त्याच्याशी १०० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर कायमचा समांतर जोडून ठेवा. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल तर तो मिनिटभरात रिकामा होतो. तरीही मीटर लावून खात्री करा आणि डावा हात खिशात ठेवूनच काम करा.